पाळण्यातली अर्धी पिशवी

बाळ झोपलंय तोवर लिहून काढते.

आमच्या रक्तपेढीत प्लेटलेट्स साठवायच्या दोन पद्धतींची तुलना चालू होती. एकाच दात्याची पिशवी निम्मी-निम्मी करायची. एक अर्धी बावीस अंशांवर, सतत हलणाऱ्या तबकात. त्याला आम्ही पाळणाच म्हणतो. दुसरी फ्रिजमध्ये, चार अंशांवर, न हलवता. रोज सकाळी दोन्ही उजेडासमोर धरून तिरक्या करायच्या. पाळण्यातलीत धुरासारखी लहर फिरते, म्हणजे पेशी धडधाकट. थंडीत पेशींचा आकार बिघडतो आणि लहर जाते.

"घरी पाळणा, इथेही पाळणा," मोठे डॉक्टर चिडवायचे. "कंटाळत नाहीस का गं?"

"घरचा रडतो, सर. हा निदान गप्प असतो."

तिसऱ्या दिवशी पाळण्यातली अर्धी वरच्या वॉर्डात गेली. तिथे सहा वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या नाकातलं रक्त थांबत नव्हतं. पिशवी चढवल्यावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांचा फोन आला. "ताई, रक्त थांबलं, पण पोरगी काकडतेय. ताप नाही. तीन पांघरुणं घातली, सलाइनमधून औषध दिलं, तरी हातपाय बर्फासारखे."

मी फ्रिज उघडला. चिमणीच्या पिशवीची उरलेली अर्धी मधल्या कप्प्यात आडवी होती. तिच्यात लहर फिरत होती.

मी तिला अजून हात लावला नव्हता.

नियम मोडून मी ती पाळण्यात ठेवली. दहा मिनिटांत पुन्हा फोन. "गेली थंडी. झोपलीय. फक्त मान सारखी इकडून तिकडे हलवतेय, एका लयीत."

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. अकराला पाळण्याच्या दुरुस्तीचा माणूस आला. मागोमाग डॉक्टर.

"ही फ्रिजमधली ना? आता कुठल्याच रकान्यात बसत नाही. बाद कर."

"करते, सर."

ते शेजारच्या खोलीत गेले. दुरुस्तीवाल्याने बटण बंद केलं. तबक थांबलं.

फोन वाजला. "ताई, चिमणीचा श्वास अडखळतोय. डॉक्टरांना वर पाठवा, लवकर."

त्यांना वर धाडलं. मग पिशवी उचलली, उराशी धरली आणि उभ्या-उभ्या डुलत राहिले. दुरुस्तीवाला बघत होता. बघेना का.

बाळाच्या दुधाची वेळ नव्हती. तरी पान्हा फुटला. कुडता भिजला.

पिशवी कोमट झाली.

मग चौथ्यांदा फोन. सिस्टर हळू आवाजात बोलत होत्या.

"शांत झालीय. ओठ हलवतेय, तान्ह्या बाळासारखे."

"बरं झालं."

"ताई, सकाळपासून तिला तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं. दिलंही नाही कुणी."

"मग?"

"हनुवटीवर दूध ओघळलंय."