दूध उतू जाईल, बोट सुटेल

माझी नात सेजल जन्मली आणि तिचं बारसं मी मोबाईलवर पाहिलं, त्या वर्षाची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार एकवीस. सून बाळंतपणाला कारापूरला, माहेरी. मुलगा सुदेशही तिथंच. मी केरीत एकटी.

सुदेश फोनवर एकच सांगायचा, "आये, लस घे आनी मगे ये. तोपर्यंत बाळाक हात लावूक दिवचंय नाय."

कोरोनाची लस गावातल्या शाळेत देत होते. मी गेले, रांगेत उभी राहिले. आतून स्पिरिटचा वास आला आणि माझे हात गार पडले. माझे यजमान मधुकर असेच एका सकाळी चालत दवाखान्यात गेले होते. इंजेक्शन घेतलं आणि संध्याकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, सुईचा दोष नाही. मला ते पटलं होतं. माझ्या हातांना पटलं नव्हतं.

"चुलीर दूध ठेवलंय," असं पुढच्या बाईला सांगून मी निघाले.

फाटकाशी एका माणसाला धडकता धडकता राहिले. उंच, सडपातळ, निळ्या मास्कवर दाट पांढऱ्या भुवया. तेही बाहेरच निघाले होते.

"माका फेरीबोट धरूची आसा," ते आपणहून म्हणाले.

"बोट काय एकच सुटता दिवसाक?" मी म्हटलं.

ते थांबले. डोळ्यांच्या कडा आक्रसल्या. "आनी तुमचा दूध? मी तुमच्या मागेच हुतंय रांगेत."

मला हसू आलं... मास्कच्या आतल्या आत.

बाहेर चाफ्याखाली बाकडं होतं, तिथं टेकलो. त्यांचं नाव सखाराम. राहायला नदीपलीकडे, तेरेखोलला. जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. खाणीची धूळ छातीत बसलेली. बोलता बोलता खोकला आला की ते तोंड फिरवायचे, जणू काही चोरी लपवताहेत. लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तेव्हा पोटात इंजेक्शनं दिली होती.

"तवापासून सुई बघितली की पोट पाठीक लागता," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी लस पुन्हा होती. मी गेले. तेही आले. दोघं रांगेत उभे राहिलो, आणि दोघंही दारातून परतलो. मग तसंच होत गेलं. निघताना मला लस खरंच घ्यायची असायची. पण निघण्याआधी मी आरशात बघू लागले होते, हेही खरं.

एकदा त्यांनी पानाच्या द्रोणात करवंदं आणली. खायला मास्क काढावे लागले. तोवर आम्ही एकमेकांचे नुसते डोळेच पाहिले होते. त्यांचा पुढचा एक दात तुटका होता. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं, आणि झटकन ओठ मिटले.

"उगडा तोंड, सखारामभाऊ. बरा दिसता."

"माका भाऊ म्हणू नको," ते खाली बघत म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"काय म्हणू नको... नुसती बोल."

वैशाखात गावातून रोज एक वाईट बातमी यायला लागली. रस्त्यावर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की बायका दारं लावून घ्यायच्या. सखारामांच्या शेजारचा धडधाकट माणूस आठवड्यात गेला. त्या गुरुवारी ते आले तेव्हा चाफ्यापर्यंत पोचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. तो खोकला ऐकून मी त्यांना आधी बाकड्यावर बसवलं.

"आता लस घेवचीच आसा," मी म्हटलं.

"घे. नातीक बघूक जा." थोडा वेळ ते चाफ्याचं फूल बोटांत फिरवत राहिले. "मगे हय येवचा कारण काय उरला तुका?"

मीही रात्रंदिवस तेच घोकत होते.

"तुमी घेतल्याशिवाय मी घेवचंय नाय," मी शेवटी म्हटलं. "नातीक उचलूक गावला नाय, तर ता तुमच्यामुळे."

"दम देतस?"

"देतंय."

ते उठले. आत हर्षा नावाची तरुण नर्स होती. सखारामांनी बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटले. दंड दगडासारखा.

"आजी, तुमच्या भावाला सांगा, हात सैल सोडा म्हणावं."

"तो माझो भाऊ नाय," मी म्हटलं.

"मग?"

मी त्यांचा दुसरा हात धरला. "आमी एकत्र इलाव."

त्यांनी डोळे उघडले, ते माझ्याकडेच. सुई कधी आत गेली त्यांना कळलंही नाही. मग माझी पाळी आली. हात गारच होते, पण ते त्यांच्या हातात होते.

नंतर अर्धा तास आत बसवून ठेवलं. भिंतीवर मुलांची बाराखडी होती. दोघंही आपापल्या छातीकडे कान लावून...

"दूध उतला आसतला," ते हळूच म्हणाले.

"बोटय सुटली आसतली."

पुढं मी कारापूरला गेले, सेजलला मांडीवर घेतलं. परतल्यावरच्या गुरुवारी काही काम नसताना चाफ्याखाली गेले. ते बसलेलेच होते.

"दुसरी लस कदी, ता विचारूक इलंय," ते म्हणाले.

"तेका अजून लय दिवस आसत."

"ठावक आसा."

लग्न वगैरे आम्ही केलं नाही. दर गुरुवारी ते फेरीबोटीनं यायचे. एकदा सुदेश घरी होता, तो त्यांना म्हणाला, "काका, जेवून जावा." आम्हाला तेवढं पुष्कळ झालं.

तीन वर्षांनी ते गेले, तेव्हा गावात कोणी म्हणालं, लशीनंच नेलं. मी वाद घातला नाही. तो खोकला लशीच्या किती आधीचा, ते मी चाफ्याखाली बसून ऐकलं होतं. आणि लस नसती, तर एवढे गुरुवार मला कोण देणार होतं?

सखाराम दोन हजार चोवीसच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी पहाटे, तेरेखोलला छातीच्या दुखण्यानं वारले.