चिमाबाईची दोरी

बसा रे निवांत. चाकण चौक सुटायला अजून तासभर लागेल, पुढं कंटेनर आडवा झालाय. विक्की, तो मोबाइल खाली ठेव. भूत बघितलंय का म्हणून विचारत होतास ना? मी नाही बघितलं. पण समाधानच्या घरी काय झालं ते सांगतो. आपल्याच कंपनीत वेल्डिंगला आहे, मी चालवतो त्याच बसला असतो, देहूरोडला चढतो. आज रजेवर आहे म्हणून बोलतोय.

त्याची पोरगी मैत्री, आठ वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून आत यंत्र बसवलं. त्याचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, कानामागं लावायचा. लावला की पोरगी तुमच्यापेक्षा जास्त बडबडते, काढला की तिला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रात्री तो काढून सुकवायच्या डबीत ठेवायचा. गेल्या साली जुना प्रोसेसर बंद पडला, पार्ट मिळेनात, नवाच घ्यायला लागला. पुण्याच्या हॉस्पिटलात बारा फेब्रुवारीला सकाळी दहाची वेळ मिळाली. बापलेकीला मीच नेणार होतो.

समाधानची आई चिमाबाई अंथरुणाला खिळलेली, आवाजही क्षीण. रात्री पाणी लागलं तर नातीला हाक मारून उपयोग नाही. पण म्हातारी डोक्यानं तल्लख. जुन्या लुगड्याच्या तीन पट्ट्यांची वेणी घालून तिनं दोरी केली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं शेजारी झोपलेल्या नातीच्या पायाला. दोनदा ओढलं की पोरगी उठणार, पाणी देणार, जास्त काही असलं तर बापाला उठवणार. पोरीला त्याचा केवढा अभिमान! ‘आजीची नाइट ड्यूटी माझ्याकडं असते,’ असं सगळ्यांना सांगायची.

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. त्याची बायको कस्तुरा रात्रपाळीला. समाधान सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी आला. सकाळी पोरीला दोन तास खुर्चीत बसून नवे आवाज ओळखायचे होते, झोप नीट व्हायला हवी. म्हणून दोघी झोपेत असतानाच त्यानं तिच्या पायाची गाठ सोडली. एका रात्रीनं काय होतंय, आईनं हाक मारली तर मी आहेच. असं मनाशी म्हणाला आणि पंखा फुल्ल करून आडवा झाला.

पहाटे पाचला जाग आली. आई गेलेली होती. अख्खी दोरी ओढून ओढून तिच्या मुठीत गोळा झालेली.

तोवर चूक होती रे. माणूस दमतो, चुकतो. पाप त्यानं पुढं केलं. कस्तुरा घरी यायच्या आत त्यानं ते टोक आईच्या मुठीतून सोडवलं... आणि झोपलेल्या पोरीच्या पायाला परत बांधलं.

लोक म्हणाले, लेकरूच ते, लागली असेल गाढ झोप. कुणी तिला रागावलं नाही. पण तिला काय कळायचं ते कळलं. पोरगी खेळेना, जेवेना, पायाकडं बघत बसायची. आणि बाप गप्प. मनगटाची गाठ काही सुटेना, म्हणून दोरी चिमाबाईसोबतच चितेवर गेली. मी डोळ्यांनी बघितली. जाड, धड दोरी.

हुकलेली वेळ परत घेतली, दहा मार्चला नवा प्रोसेसर मिळाला. हॉस्पिटलातल्या मॅडमनी चालू केला, ‘मैत्री’ अशी हाक मारली. पोरगी हसली नाही. म्हणाली, ‘आता हा मी रात्रीपण घालून झोपणार. परत झोप लागायला नको.’

त्याच रात्री. दोन चाळीस. कस्तुरा कामावर.

समाधानला आईच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं.

रिकाम्या कॉटजवळ मैत्री बसलेली. अंधारात. कानामागं हिरवा दिवा.

‘आजी, मला कळलंच नाही गं.’

मान तिरपी. ऐकत होती...

‘मग कोणी सोडली?’

परत मान तिरपी...

हळूच वळली. बापाकडं बघितलं.

‘बाबा...’

त्यानं हात घातला आणि तिचं मशीन काढून घेतलं. स्वतःच्या कानाला लावून बघितलं. त्यातून आपल्याला काय ऐकू येणार? मग ते मुठीत धरून पोरीसमोर रडला. मीच सोडली, मीच बांधली, सगळं कबूल केलं. कधी? तर तिला ऐकू येत नाही याची खात्री झाल्यावर! काय म्हणायचं राव अशा कबुलीला? मशीन डबीत ठेवलं, पोरीला झोपवलं, शेजारी स्वतः पडला.

पाचला जाग आली.

कुणीतरी पाय ओढला.

दोनदा.

खाली बघितलं. दोरी... लुगड्याची वेणी. एक टोक त्याच्या पायाला. दुसरं पोरीच्या.

पोरगी झोपलेली.

त्यानं गाठ सोडली नाही या वेळी. डबी उघडली. पोरीला उठवून मशीन स्वतःच्या हातानं तिच्या कानामागं लावलं, दिवा लागेपर्यंत थांबला. आणि सगळं सांगितलं.

पोरगी रडली नाही. एकच विचारलं.

‘आजी किती वेळ ओढत होती?’



दुसऱ्या दिवशी ती दोरी त्यानं मला आणून दाखवली. मी हातात घेतली. चितेवर गेलेली तीच. दोन्ही टोकं धड होती. मधे मात्र... ओढून ओढून, घासून घासून एका धाग्यावर आली होती.