किमान दोन व्यक्ती

"हे कसले पैसे?" तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं.

"रिसॉर्ट फी," काउंटरवरचा तरुण म्हणाला. "रोजची, खोलीमागे."

"खोलीचे पैसे मी तीन महिन्यांपूर्वीच भरलेत."

"ते खोलीचे झाले. हे... सोयींचे."

बोटीतून उतरून तिला पाच मिनिटंही झाली नव्हती. ती शिलाईच्या एका मोठ्या दुकानात कापड बेतायची. दुसऱ्यांना जिथे अडीच मीटर लागे, तिथे ती सव्वादोनात भागवायची आणि वर उरलेल्या तुकड्यातून खिसेही काढायची. मैत्रिणी तिला 'कात्री' म्हणत, ते काही नुसतं कामावरून नव्हे. दोन वर्षं पै पै साठवून तिनं आणि तिच्या जिवलग मैत्रिणीनं बेटावरचे हे पाच दिवस ठरवले होते. निघायला आठवडा उरला असताना मैत्रीण जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. "तू तरी जा," असं तिनं रडत रडत बजावलं. म्हणून कात्री एकटीच आली होती. या पाच दिवसांतला एक तासही वाया जाऊ द्यायचा नाही, हे मात्र तिनं पक्कं ठरवलं होतं.

"मी एकटी आहे. अर्धी फी लावा."

"कमी करणं माझ्या हातात नाही हो." त्यानं एक यादी पुढे सरकवली. "पण ती वसूल कशी करायची, ते सांगू शकतो."

यादीत आठ सोयी होत्या. जोडीची सायकल, वल्ह्याची होडी, बॅडमिंटन, पाण्याखालचे मासे... शेवटी टेकडीवरचा दीपस्तंभ. आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरांत एकच ओळ: किमान दोन व्यक्ती.

"म्हणजे पैसे माझे आणि मजा जोडप्यांची." ती तडकून बोलली खरी, पण आवाज मध्येच ओला झाला. तिनं घाईनं चष्मा पुसायला काढला.

त्यानं यादी परत घेतली आणि म्हणाला, "चार वाजता तयार राहा. दुसऱ्या व्यक्तीची सोय होईल."

चार वाजता दुसरी व्यक्ती म्हणून तो स्वतःच आला. अंगात निळा शर्ट होता आणि त्याचा खांदा अर्धा इंच खाली उतरला होता.

"हा शर्ट तुमचा नाही," ती म्हणाली.

"भावाचा आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"खांदा खोटं बोलत नाही."

त्या दिवशी जोडीची सायकल झाली. पुढे बसून त्यानं दिशा धरली, मागे बसून तिनं सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी वल्ह्याच्या होडीत दोघांनी दोन बाजूंना जोर लावला आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेत राहिली. ती इतकी हसली की वल्हं हातातून सुटलं. ते काढायला तो पाण्यात उतरला आणि भावाचा शर्ट आकसला. पाण्याखाली पिवळे मासे पाहताना तिला भीती वाटली, तेव्हा त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला आणि मासे संपल्यावरही थोडा वेळ सोडायला विसरली.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन यायचा. "फी वसूल झाली का गं?"

"झाली की," ती म्हणायची, आणि मग उगाचच विषय बदलायची.

चौथ्या दिवसापर्यंत सात सोयींवर खुणा झाल्या. दीपस्तंभ तेवढा राहिला. त्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, "आज वर वारा फार आहे." खाली तर झाडाचं पानही हलत नसायचं.

पाचव्या दिवशी अकराची बोट होती. सामान घेऊन ती काउंटरवर आली. तो दुसऱ्या पाहुण्यांच्या किल्ल्या देत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. निदान त्याचं भलं तरी व्हावं, म्हणून तिनं अभिप्रायाच्या कागदावर मनापासून लिहिलं: 'एकट्या पाहुण्यांसाठी सोबतीला माणूस देण्याची तुमची सोय सर्वांत उत्तम.'

व्यवस्थापिका बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"अशी सोय आमच्याकडे नाही."

"कशी नाही? हे रोज चारला येत होते."

"याची ड्युटी पहाटे सहाला सुरू होते आणि तीनला संपते," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, नंतर हा झोपत असेल. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता म्हणायचा!" आणि ओठ मुडपत, कागद खणात टाकून त्या आत निघून गेल्या.

कात्रीला स्वतःचाच राग आला. चारही दिवस संध्याकाळी त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. अर्ध्या इंचाचा खांदा दिसला, आणि हे दिसलं नाही.

"का आलात?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्या दिवशी... तुमचं वाईट वाटलं म्हणून." त्याचे कान लाल झाले होते. "दुसऱ्या दिवसापासून चार वाजेपर्यंत दम निघेना म्हणून."

"आणि दीपस्तंभ? वारा नव्हताच ना?"

"यादी संपली असती तर कुठल्या निमित्तानं आलो असतो?"

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. तिनं पर्समधून तिकीट काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"साडेपाचची बोट करा."

"तिकीट बदलायचे वेगळे पैसे पडतात," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"पडू देत." किती, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

सव्वातीनला ते टेकडी चढले. खाली निळं पाणी पसरलं होतं, आणि वर खरोखरच वारा होता. तिनं त्याला पाठमोरं उभं केलं आणि वितीनं एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत माप घेतलं. मग खात्री करायला म्हणून पुन्हा एकदा, जरा सावकाश.

"भावाचा शर्ट परत द्या. तुमचा मी शिवते."

"पोस्टानं पाठवाल?"

"तो खर्च मी करणार नाही," ती म्हणाली. हात अजून त्याच्या खांद्यावरच होता. "रजा टाका आणि न्यायला या."