पान दोनशे बाराच्या पुढे

दिग्रसच्या एका जुन्या वाचनालयात फार वर्षांची रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असे. त्यावर दोन ओळींचा अभिप्राय, सही आणि तारीख टाकल्याशिवाय उज्ज्वला राठोड पुस्तक जमा करून घ्यायचीच नाही. दीनानाथ मुळावकर त्या दिवशी गेले होते नुसते वर्तमानपत्र चाळायला.

"काका, 'लदेणीची वाट'वर तुमचा अभिप्राय काहून राह्यला?" उज्ज्वलाने विचारलं. "लेखक महिनाअखेरीस येऊन राह्यले आपल्याकडे. सगळं वाचून दाखवायचं आहे त्यायले."

दीनानाथांनी पुस्तक हातात घेतलं. या कादंबरीने तेव्हा अख्ख्या गावाला येड लावलं होतं. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन लदेणीला फिरणारा बंजारा लखीराम नाईक आणि बोरीच्या कुळकर्ण्यांची अंबिका. 'पुढच्या लदेणीला येतो' म्हणून तो जातो, आणि ती विहिरीवर वाट पाहत बसते. मागच्या कागदावर कोणी लिहिलं होतं, 'रात्रभर जागलो, बायको चिडली.' एका बाईंनी तर लेखकालाच झापलं होतं, 'लखीरामला आणायला काय पैसे पडत होते?' उज्ज्वलाच्या आईने, बिजलीबाईने, कादंबरी ऐकून लेकीकडून लिहवून घेतलं होतं, 'नाईक दिलेला शब्द मोडत नसतो. लिहिणाऱ्याले तांडा माहीत नाही.'

मुळावकरांची ओळ मात्र नव्हती. ती एकट्याची असायचीच नाही ना! नवरा-बायको दोघांचं वाचून झालं की एकच अभिप्राय, खाली दोघांच्या सह्या. आधी दीनानाथ वाचायचे, मग कोकिळाबाई, रोज जेवणानंतर वीस पानं. समासात पेन्सिलीने शेरे मारल्याशिवाय बाईंना वाचल्यासारखं वाटायचं नाही. उज्ज्वला ओरडायची, पण ऐकतं कोण. घरातला नियम एकच होता, शेवट सांगायचा नाही.

तो नियम दीनानाथांनी मोडला होता. मागच्या जूनमध्ये कोकिळाबाईंना यवतमाळला दाखल केलं, तेव्हा त्या दोनशे बाराव्या पानावर होत्या. खूण म्हणून एसटीचं तिकीट ठेवलेलं. पुस्तक घरीच राहिलं, आणि दीनानाथांनी ते त्याच आठवड्यात परत करून टाकलं; बाई दवाखान्यात म्हणून उज्ज्वलानेही तेवढ्यापुरता अभिप्राय मागितला नाही. नवव्या दिवशी दवाखान्यात बाईंनी डोळे उघडले.

"अहो... लखीराम येतो का हो?"

कादंबरीत तो येत नाही. अंबिका विहिरीवरच म्हातारी होते.

"येतो," दीनानाथ म्हणाले. "उशीर होतो त्याला. पण येतो."

"बरं झालं," म्हणून बाईंनी डोळे मिटले. तेवढंच बोलणं झालं, नंतर काही नाही.

तर पुस्तक घरी आलं. इतक्या हातांतून फिरूनही तिकीट अजून दोनशे बारावरच होतं. दुपारी जेवून दीनानाथांनी बाईंचे शेरे एकेक करून वाचले, तिच्या खुर्चीवर पुस्तक ठेवलं आणि आतल्या खोलीत आडवे झाले. वीज गेलेली. लांबून कापसाच्या जिनिंगची घरघर येत होती, तीही मध्येच थांबली. जाग आली तेव्हा घरात निलगिरीच्या तेलाचा वास होता. बाई गेल्यापासून आठ महिन्यांत त्यांची ती बाटली कोणी उघडली नव्हती.

तिकीट दोनशे बत्तीसवर होतं.

आणि दोनशे सव्विसाव्या पानाच्या समासात लिहिलं होतं, 'ही पोर कोणाचं ऐकत नाही. अगदी आपली अनघा.'

अनघा म्हणजे त्यांची लेक, हैदराबादला असते. अक्षर बाईंचं. 'र'ची शेपटी लांब ओढायची खोड बाईंची. दीनानाथांनी त्यावरून बोट फिरवलं, तर शिसं बोटाला लागलं. इतकं ताजं होतं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस भ्याला असेल. अहो, कुठला भितो! दारखिडक्यांच्या कड्या दोनदा तपासल्या, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी गडी जेवून बारा वाजताच आडवा झाला. उठल्यावर वीस पानं पुढे. 'बैल मोजताना लेखक चुकला बघा.' तिसऱ्या दिवशी खुर्चीपाशी चहाचा कप ठेवला. कप तसाच राहिला, फक्त साय बाजूला सारलेली होती. बाईंना साय कधीच चालली नाही. दीनानाथ त्या कपापाशी बसून ढसाढसा रडले, आणि रडून झाल्यावर कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

पण पुस्तकाला शेवटचं पान असतंच. ते जवळ येऊ लागलं तशी दीनानाथांची झोप उडाली. आपण मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो, हे आता तिला कळणार. आणि वाचून झाल्यावर ती यायची कशाला?

"काका, सतरा जण थांबून आहेत," उज्ज्वला दारात येऊन म्हणाली. "कवापर्यंत ठेवता?"

"चारच दिवस दे बाई."

ती गेल्यावर त्यांनी ब्लेड घेतलं. तहसिलीत तीस वर्षं नोकरी केली, पण फायलीतला एक कपटा कधी फाडला नव्हता. त्या माणसाने शेवटचं प्रकरण कापून लोखंडी पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

त्या दुपारी उरलेल्या शेवटच्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं, 'पुढची पानं कुठं आहेत...?'

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. निलगिरीचा वास गेला. घर पुन्हा जूनसारखं झालं, आणि ते दीनानाथांना सोसेना. रागावली तर रागावली, पण येऊ दे एकदा!

त्यांनी कणकेची खळ शिजवली, पानं जागच्या जागी चिकटवली आणि समासात स्वतः लिहिलं, 'कोकिळा, मी खोटं बोललो. तो येत नाही. त्या वेळी तुला कसं सांगू?'

मग आतल्या खोलीत जाऊन पडले, डोळे सताड उघडे ठेवून. वीज गेली. जिनिंग थांबलं. बाहेरच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. मग खूप वेळाने दुसरं. बोटाला थुंकी लावून ती पान उलटायची, तोही बारीक आवाज आला. उठावं, दारातून एकदा नुसतं बघावं, असं त्यांना इतकं वाटलं की छाती दुखायला लागली.

"कोकिळा..." त्यांनी हाक मारली.

पान अर्ध्यावर थांबलं. ते उठले नाहीत. उठलो तर ती जाईल, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. थोड्या वेळाने पान पुढे उलटलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पंखा सुरू झाला.

'समाप्त'च्या खाली बाईंनी लिहिलं होतं, 'वाचलं. मला तुम्ही सांगितलेलाच शेवट पटतो. उशीर होतो, पण येतो. मी थांबलेय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथांनी पुस्तक नेऊन उज्ज्वलाच्या टेबलावर ठेवलं.

"अभिप्राय लिहायचा राहिला," ते म्हणाले. "पेन दे."

उज्ज्वलाने मागचा कागद उघडला आणि हसली. "लिहिला तर आहे काका! छान लिहिला." मग तिचं बोट खाली सरकलं. "पण... काकूंची सही?"

दीनानाथांनी चष्मा लावला. बिजलीबाईंच्या ओळीखाली दीनानाथांच्याच वळणदार अक्षरात, त्यांच्याच निळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'दोघांनी मिळून वाचली. शेवट चांगला आहे.' खाली दोघांच्या सह्या.

"तारीख मात्र चुकली तुमची," उज्ज्वला हळू आवाजात म्हणाली. "पंधरा टाकली. आज तर अकराच आहे."

दीनानाथांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.  तीस वर्षांत त्यांच्या हातून तारीख कधी चुकली नव्हती.

"खोडू का?" तिने विचारलं.

"नको, राहू दे," ते म्हणाले. वाटेत त्यांनी लेकीला फोन लावून पंधराच्या आत यायला सांगितलं, आणि घरी जाऊन बाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली.