गाडीच्या ओळखीची चावी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरली आणि आपल्या गाडीपाशी थबकली.

रात्री तिने गाडी भिंतीकडे तोंड करून लावली होती. आता गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. बॉनेटवर हात ठेवला, तर कोमट लागलं.

मागच्या सीटवर एक कापडी ससा पट्टा बांधून बसवलेला होता. त्याचा एक कान उसवलेला होता.

ससा तिच्या मुलीचा, चिमीचा. नवऱ्याचं घर सोडताना तो तिथेच राहून गेला होता.

ती फिजिओथेरपिस्ट होती, घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणारी. इतरांचे थरथरते हात धरायची तिला सवय होती. आज तिने आधी भावाला फोन लावला, मग पोलिसांना.

इन्स्पेक्टर बाई आल्या तेव्हा तिचा भाऊ आधीच पोचला होता. त्याने बहिणीच्या खांद्यांवर शाल टाकली होती आणि तो स्वतः उगाच येरझाऱ्या घालत होता.

“मुलगी कुठे आहे?” इन्स्पेक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

“वर, तिसऱ्या मजल्यावर. झोपलीय. दार ओढून घेतलं की कुलूप आपोआप लागतं. घर घेतलं तेव्हाच नवीन बसवलं. चाव्या दोनच, एक माझ्याकडे, एक दादाकडे.”

“नवऱ्याला हा पत्ता माहीत आहे?”

“नव्हता.” तिने सशाकडे बघितलं नाही. “मुलीला उचलून नेईन म्हणून त्याने कोर्टाच्या आवारात मला धमकावलं होतं. आमच्याजवळ फिरकायची त्याला बंदी आहे.”

“काच फुटलेली नाही, दाराला ओरखडा नाही. गाडीच्या चाव्या किती?”

“मूळच्या दोन. त्यातली एक मागच्या महिन्यात हरवली. दारामागच्या खुंटीवरून गेली ती सापडलीच नाही. मी घाबरून लगेच चावीवाल्याला बोलावलं. त्याने नवी करून दिली आणि हरवलेली बंद केली. कामाला लागताना म्हणाला, ती आता मेलीच समजा.”

“काम होईपर्यंत तुम्ही इथेच होतात?”

“नाही. चिमी पडली, गुडघा फुटला, म्हणून मी वर गेले. दादा होता ना इथे.”

“होतो की,” भाऊ म्हणाला. “मॅडम, चावीचं पातं तर तेच आहे. मेलेल्या चावीने दार उघडलं असेल आणि गाडी ढकलून फिरवली असेल.”

“स्टिअरिंग लॉक असताना? आणि ढकलल्याने बॉनेट तापतं?”

इन्स्पेक्टरांनी चावीवाल्याला बोलावून घ्यायला सांगितलं.

चावीवाला अर्ध्या तासात आला. तोवर ती एकदा वर जाऊन आली होती. चिमी गाढ झोपेत होती.

“हरवलेल्या चावीचं नेमकं काय केलंत?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“चावीच्या डोक्यात बारीकशी चिप असते. पात्याने दार उघडतं, पण इंजिनाला त्या चिपची ओळख पटावी लागते. मी गाडीतल्या सगळ्या जुन्या ओळखी पुसल्या. मग समोर आलेल्या चाव्यांची एकेक करून पुन्हा ओळख करून दिली. जी समोर नाही, तिला गाडी विचारत नाही. म्हणून तर मी गिऱ्हाईकाला बजावतो, घरात असतील नसतील तेवढ्या चाव्या आणा.”

“गाडीला आज किती चाव्या ओळखीच्या आहेत, दाखवा.”

त्याने स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडली. पडद्यावर आकडा आला.

“तीन,” तो म्हणाला. “बरोबर. मी तीनच ओळखवल्या होत्या.”

“तीन कशा?” तिचा आवाज चिरकला. “घरात दोनच आहेत! उरलेली जुनी एक आणि तुम्ही केलेली एक!”

“बघा!” भाऊ उसळला. “जास्तीची बनवून यानेच विकली. हे लोक असलेच.”

“साहेब, मला गाडी पळवायची असती तर परत इथेच आणून लावली असती का? मी काय ड्रायव्हर आहे तुमचा?”

इन्स्पेक्टर पडद्यावर वाकल्या. “तिन्ही चिपचे नंबर दिसतात? नव्या किती, मूळच्या किती?”

चावीवाल्याने बोट फिरवलं. “नवी एक. हा नंबर माझ्या पाकिटातला. या दोन कारखान्यातून गाडीबरोबर आलेल्या.”

वरून कुठूनतरी पाण्याचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती दचकली.

“ऐका,” इन्स्पेक्टर म्हणाल्या. “यांनी चोरून चावी केली असती, तर नव्या दोन आणि मूळची एक दिसली असती. इथे मूळच्या दोन्ही जिवंत आहेत. सगळं पुसल्यावरही हरवलेली चावी जिवंत राहिली, कारण त्या दिवशी ती इथे, या गाडीपाशीच होती. ताई वर गेल्यावर ती कुणीतरी पुढे केली.” त्या चावीवाल्याकडे वळल्या. “जुन्या चाव्या तुमच्या हातात कुणी दिल्या?”

“एक ताईंनी. दुसरी या साहेबांनी, खिशातून काढून. म्हणाले, ही पण घ्या. मला वाटलं, सापडली असेल.”

तिने खांद्यावरची शाल काढली.

“दादा?”

“बेबी, ऐकून तर घे.” भाऊ भिंतीला टेकला. “गाडी तुझ्या नवऱ्याच्या पैशांनी घेतलेली. तो रोज माझ्या मागे लागायचा, गाडी दे, मग मी तुमच्या वाटेला जात नाही. मला वाटलं, गाडी नेईल आणि कटकट मिटेल. चावी मेली असती तर तो पुन्हा माझ्याच छातीवर बसला असता. खुंटीवरची चावी काढून त्याला दिली आणि गाडी कुठे लावतेस, तेवढंच सांगितलं मी. चिमीचं नाव काढलं नव्हतं गं त्याने.”

“गाडी नेली का त्याने?” ती म्हणाली. “नेली का?”

इन्स्पेक्टरांनी तिसरी चावी पुसायला सांगितली. घरातल्या दोन चाव्या गाडीला नव्याने ओळखवल्या गेल्या. पडद्यावर दोनचा आकडा आला. तिने खूप वेळाने श्वास सोडला.

“दादा, माझ्या घराची चावी दे.”

त्याने जुडगा काढला. एकेक चावी बोटांनी सरकवली. मग पुन्हा पहिल्यापासून.

“परवा तो माझ्या घरी आला होता,” तो पुटपुटला. “जुडगा टेबलावर होता. मी फक्त चहा ठेवायला आत गेलो...”

इन्स्पेक्टरांची नजर मागच्या सीटवर गेली. गाडी न्यायची नव्हती, मग फिरवली कशाला? ससा पट्टा बांधून कुणाला दाखवायला ठेवला? इथे तळघरात सगळे जमलेले होते, सकाळपासून.

“वर जायला दुसरा जिना आहे?”

“मागून,” ती म्हणाली आणि धावत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर तिने चावी घातली. कुलूप उघडलं. दार मात्र हललं नाही. आतून कडी लागलेली होती, वरच्या चौकटीजवळची.

त्या कडीला चिमीचा हात खुर्चीवर चढूनही पोचत नसे.

ती दार ठोठावत राहिली; सात वाजून पन्नास मिनिटांपर्यंत आतून कसलाही आवाज आलेला नव्हता.