खाली बघितलंत का?

ही घटना खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते मामा ‘गाडी संध्याकाळपर्यंत देतो’ हे एक वाक्य सोडलं तर खोटं बोलत नाहीत. वेळ रविवारी दुपारी अडीचची. बाहेर लख्ख ऊन. भुताच्या गोष्टीला हे शोभत नाही, पण घडलं तेव्हा ऊनच होतं. त्याला माझा इलाज नाही.

मामांचं गॅरेज आहे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, पण खरे मामा ते एकाच मुलीचे. तिचे वडील, म्हणजे मामांचे भाऊजी, चार महिन्यांपूर्वी झोपेतच गेले. मागे राहिली बायको, मुलगी आणि एक म्हातारी डिझेल पिकअप.

भाचीला त्या पिकअपवर काम मिळालं होतं. डोंगरावरच्या हॉटेलांतल्या मळक्या चादरी भरून खाली लाँड्रीत आणायच्या. सोमवारी सकाळी सहाला पहिली खेप. मामांनी आठवड्यापूर्वीच गाडी सर्व्हिस करून दिली होती. सगळं बघितलंय, बिनधास्त चालव, असं वर सांगितलंही होतं.

आणि आता गाडी अडखळत होती.

ॲक्सिलरेटर दाबला की... क्षणभर काहीच नाही.

मग एक हुंदका. मग गाडी उचल घ्यायची.

जणू जाऊ द्यावं की नाही, याचा कुणी आधी विचार करत होतं.

मामांचा पहिला संशय डिझेलवर. बाटलीत काढून उन्हात धरलं. स्वच्छ. मग फिल्टरवर. नवा टाकला. मग पाइपात शिरलेल्या हवेवर. ती काढली. इंजेक्टर साफ केले, ॲक्सिलरेटरची केबल बदलली. मग भाचीच्या पायावर. पाय ठेवतेस की नुसता दाखवतेस, असं त्यांनी विचारलं. तिने किल्ली त्यांच्या हातात दिली. मामांनी चालवली.

अडखळली.

शेवटचा संशय सख्ख्या बहिणीवर. पोरीने डोंगरात गाडी चालवू नये असं तिचं मत होतं, आणि तिची मतं मामांनी लहानपणापासून सोसली होती. आईने टाकीत काही ओतलं का, असं त्यांनी आडून विचारून बघितलं. भाची म्हणाली, आईला टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही.

उरली जुनी पद्धत. एकाने केबिनमध्ये बसून सांगितल्याबरोबर पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली डोकं घालून ऐकायचं. उघडं बॉनेट मध्ये येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला केबिन दिसत नाही.

भाची बसली. मामा वाकले.

“दाब.”

अडखळली.

“सोड. परत दाब.”

अडखळली.

मामांनी पंपाजवळ कान नेला. पाचेक मिनिटं गेली असतील.

“दाब.”

इंजिन... सरळ वर गेलं. मुलायम. नव्या गाडीसारखं.

“सोड.”

खाली आलं.

“दाब. अजून दाब.”

“कुणाला सांगतोयस, मामा?”

आवाज मागून आला.

भाची गॅरेजच्या दारात उभी होती. हातात चहाचे दोन ग्लास. चहा आणते म्हणून मघाशीच सांगून गेली होती, आणि मामांनी त्यावर ‘हं’ही म्हटलं होतं.

इंजिन अजून वरच होतं.

मामा वळसा घालून खिडकीशी गेले. सीट रिकामी. पेडल दबलेलं. नवी केबल अडकली असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सांगून होईपर्यंत...

पेडल आणखी बोटभर खाली गेलं.

भाऊजींचा मेकॅनिक लोकांवर विश्वास नव्हता. त्यात मेकॅनिक बायकोचा भाऊ. मामांनी काहीही दुरुस्त केलं की भाऊजी स्वतः केबिनमध्ये चढून पेडल दाबून बघत. त्यांना फक्त स्वतःचा पाय खरा वाटायचा.

“सोडा, भाऊजी,” मामा हळूच म्हणाले.

पेडल वर आलं.

भाचीने चहाचे ग्लास खाली ठेवले.

तरी ती गाडीत बसली. पोरगी बापाच्या वळणाची. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली... आणि पहिल्यापेक्षा जास्त अडखळली.

म्हणजे इंजिनात काही नव्हतं. भाऊजींचं समाधान झालेलं नव्हतं.

पेडल दाबून झालं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. हात मागे बांधून, अगदी आदराने, ऐकणाऱ्याचा अपमान होईल अशा बेताने विचारायचे. खाली बघितलंत का?

मामांनी बघितलं नव्हतं. घरची गाडी. ब्रेक दोन वर्षांपूर्वी आपणच केलेले. बघायचं काय त्यात?

ते गाडीखाली सरकले. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप बोटांनी वाकवला...

बोटं ओली झाली.

पाइपाला चीर होती. भरलेली गाडी. डोंगराचा उतार. पहिल्या वळणावर नाही, तर तिसऱ्यावर ब्रेक गेलाच असता.

काय सापडलं, असं भाचीने वाकून विचारलं.

“ब्रेकचा पाइप. बघितला नव्हता मी.”

एवढं कबूल करायला भाऊजी जिवंत असताना त्यांना वीस वर्षांत जमलं नव्हतं.

पाइप बदलला. चाकांचे ब्रेक उघडून बघितले. गाडी सुरू केली, पेडल दाबलं. एकदम उचल. सोमवारी भाची सहाला गेली आणि दुपारी चादरी घेऊन खाली आली. पिकअप तेव्हापासून अडखळलेली नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मंगळवारी शाळेतले एक सर कार घेऊन आले. तक्रार एकच, हॉर्न वाजत नाही. मामांनी दहा मिनिटांत वाजवून दाखवला. सर बसले. पाय ठेवला...

क्षणभर काहीच नाही.

मग एक हुंदका.

असं आधी कधीच झालं नव्हतं, सर म्हणाले. मामांनी त्यांना उतरायला सांगितलं आणि सरळ गाडीखाली गेले. ब्रेकचे पाइप बघितले. स्टिअरिंगचे सांधे बघितले. चारही चाकं उतरवली.

आज शुक्रवार. सर बसने शाळेत जातात. मामांनी त्या कारचा एकूण एक बोल्ट हाताने तपासला आहे. काहीही सापडलेलं नाही.

आणि कार अजून अडखळते आहे.