गाळ खाली बसेपर्यंत

खाडीच्या मधोमध होडी, होडीत टोपीवाला एक तरुण, आणि त्याच्या हातातली दोरी थेट आमच्या धाकटीच्या मोटरबोटीच्या वाटेत!

"अहो मासेवाले, दोरी आवरा! पंख्यात गुंतली तर तुम्हालाच ओढत नेईन."

"न्या की," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला. "म्हणजे... मासे नाही धरत मी. पाणी बघतोय."

दोरीच्या टोकाला ताटाएवढी पांढरी तबकडी होती. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पाणी किती गढूळ ते कळतं. या खाडीला किती बोटी, किती पाहुणे सोसतील, हे ठरवायला त्याला सरकारने धाडलं होतं.

"खाडीचं दुखणं तबकडी सांगते?"

"थोडं सांगते. उरलेलं तुम्ही सांगा."

झालं! आमच्या बाईसाहेबांना नवीन काही दिसलं की चैन कुठली पडायला? पाहुण्यांना फिरवून आली की रोज त्याच्या होडीभोवती फेरी. पाण्यातलं गवत जगतंय का, माशांची पिल्लं कुठे लपतात... आणि हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हेही बघून आली. मला सगळं समजत होतं. जन्म मी दिलाय तिला.

एका संध्याकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने आमच्या दारात आला.

"काकू, पाणी फार गढूळ आहे. निम्म्या बोटी बंद करा, असं लिहावं लागणार."

आमचं घर त्या बोटींवर चालतं. "माझ्या हातचा चहा पितोस आणि माझ्याच पोटावर पाय देतोस? शाबास!"

धाकटी भिंतीला टेकून उभी होती, लालबुंद. "उद्या परत मोजा. मी येणार नाही."

"तुमचा काय संबंध?"

"तिथे पाणी उथळ आहे... मी फेरी मारते ना, तेव्हा पंख्याने तळाचा गाळ वर येतो."

"मग मारता कशाला?"

"आता आईसमोर सांगू?"

तो टोपी चुरगाळत राहिला. "गाळ मला दिसायला हवा होता. पण... तुम्ही आलात की मी पाण्याकडे बघतच नाही."

"आणि पगार कशाचा घेतोस रे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाकी बोटी नेहमीसारख्या फिरल्या. हिची तेवढी बांधलेली. दुपारी खाडीतून हाक आली — "काकू, तळ दिसतोय! बोटी राहतील!"

तेवढ्यावर ही कसली थांबते! इंजिन आल्यापासून वल्ह्याला हात न लावलेली पोरगी जुनी होडी घेऊन निघाली. हळूच... पाणी न ढवळता.

"रोज अशाच याल?" त्याने विचारलं.

"रोज? हात बघा माझे, फोड आलेत!"

बघायला म्हणून धरलेला हात त्याने काही सोडला नाही.

इकडे माझा थोरला पाहुण्यांना घेऊन निघाला होता. मी म्हटलं, "जरा लांबून ने रे."

"का? गाळ उठेल?"

"गाळ नाही, गाढवा! तिथे तुझा मेहुणा बसलाय."